पहिल्याच हाकेला ओ

माझे सासरे खुबा मोडून बांधाखाली पडलेले होते, आणि ठाण्याला आमच्या घरात आम्ही त्यांच्या नावानं पेढे खात होतो. हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवते आहे. सौम्य करून पाहिलं, उलटंपालटं करून पाहिलं, पण जमत नाही. घडलं ते असंच घडलं, तेव्हा असंच सांगते.

मी हर्षदा उतेकर. सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे विचारलं नसतानाही समजावून सांगायची खोड आहे. माझा नवरा तुषार ‘साद’ नावाच्या कंपनीत रेडिओ अभियंता आहे. त्याचे वडील, म्हणजे आबा, कोयनेच्या जलाशयाच्या काठी शिरणवाडीला राहतात. तापोळ्याहून लाँचनं जावं लागतं. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच. गावात उरलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यांत सगळे सत्तरीच्या पुढचे. तरुण म्हणावेत असे सगळे आमच्यासारखे ठाण्या-कळव्यात येऊन राहिलेले. मोबाइलला रेंज लागते ती लाँच पाण्याच्या मध्यावर आली की. उपग्रहावरून चालणारा फोन तुषारनं हौसेनं नेऊन दिला होता. आबांनी तो खराब होऊ नये म्हणून गोणपाटात गुंडाळून फडताळात ठेवला, आणि तो अजून अगदी नवाकोरा आहे.

म्हणून मग पट्टा आला. सादचा पट्टा मनगटावर एकदा बांधला की सात-आठ वर्षं बॅटरी बदलावी लागत नाही. माणूस हिंडतोय की पडून आहे एवढंच तो पुण्यातल्या केंद्राला कळवतो. केंद्राला काही वेगळं वाटलं तर ते उलट हाक मारतं, म्हणजे पट्टा मनगटावर थरथरतो. माणसानं तो दोन बोटांनी दाबायचा. या दाबण्याला कंपनीत ‘ओ’ म्हणतात. हाक आली, ओ दिली, माणूस ठीक आहे. मुलांच्या फोनवर हिरवा ठिपका दिसतो. ओ आली नाही तर ठिपका पिवळा होतो आणि मग कुणीतरी जाऊन बघायचं.

आता थोडं विज्ञान. आबांच्या खोऱ्यात पलीकडच्या काठावरच्या माणसाला बोलवायचं तर ‘बाळूऽऽऽ’ असं ताणून बोलवतात. शब्द लांबवला की वाऱ्यातूनही तो कानाला सापडतो. शेजारी बसलेल्याशी कुणी असं बोलत नाही, पटकन आणि हळू बोललं तरी भागतं. सादचे पट्टे रेडिओ लहरींनी नेमकं हेच करतात. लांबचा पट्टा आपला निरोप सावकाश, ताणून, जोर लावून पाठवतो. त्यात बॅटरी जास्त जाते आणि तेवढा वेळ हवेतली जागा अडते. जवळचा पट्टा तोच निरोप झटकन आणि हलक्या आवाजात पाठवतो. कुणी किती ताणायचं, किती जोर लावायचा आणि एकच गोष्ट किती वेळा म्हणायची, हे केंद्र ठरवतं. ते प्रत्येक पट्ट्याचे मागचे काही निरोप तपासतं आणि ते स्वच्छ ऐकू आले असतील तर कळवतं, बाबा रे, इतकं ओरडायची गरज नाही. स्वतःच्या हाकांनाही केंद्र हाच नियम लावतं.

यात शहाणपण आहे, ते मी नाकारत नाही. हवा एकच, आणि तिच्यात पाण्याचे मीटर, गाईंच्या गळ्यातली यंत्रं, विजेचे खांब, शेतातली ओल मोजणाऱ्या काड्या असे सगळे बोलत असतात. सगळेच ओरडले तर कुणाचंच ऐकू येत नाही. माझ्या वर्गात हे रोज सिद्ध होतं.

तुषारनं या शहाणपणाच्या पुढं एक पाऊल टाकलं. स्वच्छ ऐकू येणाऱ्या पट्ट्यानं नुसतं हळू बोलायचं असं नाही, तर जे अपेक्षित आहे ते बोलायचंच नाही. केंद्र पट्ट्याला त्याच्या माणसाची सवय शिकवणार: हा सकाळी हिंडतो, दुपारी पडतो, संध्याकाळी ओट्यावर बसतो. त्याप्रमाणे चाललं असेल तर पट्टा गप्प. वेगळं काही घडलं तरच त्यानं बोलायचं, केंद्रानं हाक मारायची, माणसानं ओ दिली की प्रकरण मिटलं. शिवाय जे वेगळं घडलं होतं तेही मग त्या माणसाच्या सवयीत जमा होणार, म्हणजे पुढच्या खेपेला पट्ट्यानं तेवढ्यासाठी तोंड उघडायला नको. जो नेमानं ओ देतो त्याला हाकाही कमी मारायच्या. या पद्धतीचं नाव तुषारनं ‘मितभाषी’ ठेवलं. घरात तो स्वतः दिवसाला वीसेक शब्द बोलतो, त्यामुळे नाव कुठून सुचलं हे मला विचारावं लागलं नाही.

मितभाषीनं बॅटरी वाचली, हवा मोकळी झाली, कंपनीनं तुषारला डोक्यावर घेतलं. फक्त त्याच्या स्वतःच्या बापाचा ठिपका पिवळा पडला.

त्याचं असं झालं. पूर्वी केंद्राची हाक तीनदा यायची, एखादी वाऱ्यात हरवली तर पुढची पोचावी म्हणून. पट्ट्यांचे निरोप झेलणारा सादचा टॉवर शिरणवाडीच्या समोरच्या डोंगरावर आहे आणि मध्ये नुसतं पाणी. आबांचा पट्टा इतका स्वच्छ ऐकू यायचा की मितभाषीनं तिनाची एक हाक केली. तेव्हापासून आबांची ओ बंद झाली. ठिपका पिवळा व्हायचा, तुषार लाँच चालवणाऱ्या विलास शेलारला फोन करायचा, विलास लाँच बांधून वर चढायचा आणि खाली येऊन सांगायचा की म्हातारा ठणठणीत आहे, लाकडं फोडतोय. असं वरचेवर व्हायला लागलं. कंपनीत तुषारचे सहकारी त्याला चिडवायचे, दिव्याखाली अंधार म्हणायचे. तो वरून हसायचा, पण त्याला ते फार लागायचं.

शेवटी त्यानं विलासला सांगून आबांना लाँचमध्ये बसवून पाण्याच्या मध्यावर आणवलं आणि फोनवर घेतलं. मी शेजारी बसून ऐकत होते. हा चिडून विचारत होता की पट्टा थरथरतो ते कळतं ना, मग दाबायला काय होतं. आबा शांत होते.

“एकदाच हाक मारून गप बसतंय ते मानूस न्हाय, तुषार,” आबा म्हणाले. “मानूस असला तर दुसऱ्यांदा मारंल, तिसऱ्यांदा मारंल. तिसऱ्या हाकंला ओ द्यायची. तुला ठावं न्हाय व्हय?”

त्याला ठाऊक होतं. त्या खोऱ्यात जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की रानात एकदाच हाक मारतं ते दुसरंच काहीतरी असतं, आणि त्याला ओ देणारा त्याच्यामागं जातो. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा मी परसातून आबांना हाक मारली आणि ते ढिम्म बसून राहिले, म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते. सासूबाईंनी हसत हसत कारण सांगितलं तेव्हा कुठं माझा राग गेला. मी तुषारला म्हटलं, अरे, तुझ्या हातात आहे ना, त्यांना पूर्वीसारख्या तीन हाका ठेव. तो म्हणाला, करायला क्षणभर लागेल, पण माझ्या बापासाठी नियम वाकवला तर उद्या प्रत्येक जण आपापला बाप घेऊन येईल. शिवाय भुताखेताला घाबरून रेडिओची रचना बदलली असं कुणाला सांगू, असंही म्हणाला. मी नाद सोडला. उतेकर घराण्यात हट्ट बापाकडून लेकाकडे व्याजासकट आला आहे.

आणि मग दिवाळीच्या थोडं आधी तो पेढे घेऊन घरी आला.

आबांनी ओ दिली होती. पहिल्याच हाकेला. एकदाच नाही, दिवसभरात जितक्या वेळा हाक आली तितक्या वेळा, आणि तीही लगेच. ठिपका लख्ख हिरवा होता आणि त्याच्याखाली ‘आराम करत आहेत’ असं लिहून येत होतं. केंद्रावरच्या केतकीनं आबांचं नाव मोठ्या पडद्यावर लावलं म्हणे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुषार इतका बोलत होता की त्याचा महिन्याचा कोटा एका संध्याकाळी संपला असेल. मला मात्र खटकलं. आबा आणि पहिल्या हाकेला ओ? मी म्हटलं, विलासला एकदा वर पाठव, म्हाताऱ्याची तब्येत बिब्येत बरी आहे ना बघू दे. तुषारनं माझ्याकडे असं पाहिलं, की विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असं विचारावं?

“ओ येतेय म्हणजेच बरे आहेत,” तो म्हणाला. “ओचा अर्थच तो आहे.”

तेही खरंच होतं. मी पेढा खाल्ला.

पुढचे दिवस ठिपका हिरवाच राहिला. मध्येच तुषारनं सांगितलं की आबांचा प्रतिसाद आता इतका चांगला आहे की मितभाषीनं त्यांच्या हाका कमी करत आणल्यात, आणि पट्ट्याचा आवाजही अगदी खालच्या पायरीवर नेलाय. हे तो प्रगतिपुस्तक वाचल्यासारखं सांगत होता. नंतर तर हाका जवळजवळ थांबल्याच. थांबणारच, कारण पट्ट्याला सांगण्यासारखं नवीन काही घडत नव्हतं.

रविवारी सकाळी मी फराळाची भाजणी निवडत बसले होते तेव्हा फोन वाजला. विलास होता. त्याच्या मागं लाँचचं इंजिन धडधडत होतं, म्हणून तो ओरडून बोलत होता.

“वहिनी, आबा गावलं. जित्तं हायेत. पर लई बेकार हालत हाय, घेऊन चाललोय तापोळ्याला.”

गावलं म्हणजे काय, हरवले कधी होते, हे मला कळेना. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. आबांच्या चहा-साखरेची पिशवी त्यानं गेल्या खेपेला धक्क्यावरच्या खांबाला अडकवून ठेवली होती, ती आज तशीच दिसली. तो हाळी देत वर निघाला. घर उघडं, चूल थंड. तेवढ्यात खालच्या बांधाकडून आवाज आला. बांधाचा एक दगड सुटला होता आणि त्याच्याबरोबर आबा घसरत, घसरत खाली गेले होते. पट्ट्याला पडणं ओळखता येतं, नाही असं नाही. पण आबा कुऱ्हाड चालवायला लागले की पट्ट्याला ते पडल्यासारखं वाटायचं, साऱ्या खोऱ्यात हाच गोंधळ व्हायचा, म्हणून केंद्रानं तो कान मुद्दाम थोडा बहिरा केला होता. दणका बसला तरच पडणं धरायचं. घसरण्याला दणका नसतो. झऱ्याच्या पाइपातून ठिबकणारं पाणी त्यांच्या हाताशी होतं, तेवढ्यावर त्यांनी दिवस काढले होते.

“मी हाळी दिली की ओ म्हनायचं, आन् हातातला पट्टा दाबायचं,” विलास सांगत होता. “मी म्हनलं आबा, मी हितं हाय, पट्टा कशाला दाबताय. तरी दाबतच हुतं.”

तुषार दारात चप्पल घालत होता, मी त्याला जसं ऐकलं तसं सांगितलं. तो ओरडला नाही, रडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, “पट्टा दाबत होते?” आणि चपलांच्या मांडणीवरच खाली बसला. मला कळायला थोडा वेळ लागला. त्याला लागला नव्हता, कारण रचना त्याची होती. आबा बांधाखाली पडले, हिंडणं थांबलं, पट्ट्यानं इमानानं कळवलं की काहीतरी वेगळं आहे. केंद्रानं हाक मारली. आणि आयुष्यभर तिसऱ्या हाकेशिवाय न बोललेल्या माणसानं त्या दिवशी पहिल्याच हाकेला जिवाच्या आकांतानं ओ दिली. त्यांच्यासाठी ती मदतीची हाक होती. केंद्रासाठी तिचा अर्थ होता, मी ठीक आहे. त्यांनी जितक्या वेळा दाबलं तितक्या वेळा आम्हाला कळलं की सगळं छान आहे, आणि पट्टा शिकला की या माणसाची पडून राहायची सवय आहे. त्यांनी आपला हट्ट धरून गप्प राहायचं ठरवलं असतं तर ठिपका पिवळा झाला असता आणि विलास त्याच दिवशी वर गेला असता.

मी तुषारचा फोन उघडून पाहिला. ठिपका अजून हिरवाच होता.

साताऱ्याच्या रस्त्यावर गाडी मी चालवली. पनवेल मागं पडल्यावर एकदम ताठ बसून त्यानं केतकीला फोन लावला आणि सांगितलं, ज्यांचा प्रतिसाद अलीकडे एकाएकी सुधारलाय त्यांच्या घरी माणसं पाठव, आत्ता. केतकीला वाटलं, याला जाहिरातीसाठी मुलाखती हव्यात. ती म्हणाली, सुधारलेले तर खूप आहेत, या महिन्यात आकडे फारच चांगले आलेत. गाडीत आम्ही दोघं ते ऐकत होतो. मी शिकवताना पोरांना नेहमी सांगते की विज्ञानात धक्का बसला पाहिजे, त्याशिवाय डोकं चालत नाही. असा धक्का मला पुन्हा नको.

तुषारनं तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, मितभाषी मी बंद करते, साहेबांना नंतर काय सांगायचं ते बघू, आणि तिनं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत माणसं दारोदार जाऊन आली. बहुतेक ठिकाणी काहीच नव्हतं. कुठं सुट्टीला नातू आला होता आणि आजीचा पट्टा गंमत म्हणून दाबत बसला होता, कुठं सुनेनं शिकवलं होतं. जुन्नरकडच्या एका वाडीत एक बाई न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या, त्या वाचल्या. पण वेल्ह्याच्या बाजूच्या एका घरी माणसं पोचली तेव्हा उशीर झालेला होता. त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव महिनाभर केंद्राच्या पडद्यावर सगळ्यांत वर होतं, असं केतकी म्हणाली.

साताऱ्याच्या दवाखान्यात आबांच्या शस्त्रक्रियेआधीचे सोपस्कार झाले होते. ते पलंगावर इतके लहान दिसत होते की मी क्षणभर शेजारच्या पलंगाकडे पाहिलं. मनगटावर पट्टा नव्हता, तिथली कातडी तेवढी गोरी राहिली होती आणि मध्ये बोटांनी दाबून दाबून काळंनिळं झालेलं होतं. तुषार तिथंच बघत उभा राहिला. वाटेत त्यानं मला सांगितलं होतं की तो आबांना सगळं खरं सांगणार आहे. हाक यंत्राची होती, तिच्यामागं कुणी माणूस नव्हता, नियम माझा होता, चूक माझी आहे, असं. मी म्हटलं होतं, सांग. लपवून काय मिळणार.

आबांनी डोळे उघडले. मला पाहून हलकेच मान हलवली. मग त्यांची नजर तुषारवर स्थिरावली.

“तुषार,” ते म्हणाले. आवाज पार बसला होता, वाकून ऐकावं लागत होतं. “त्यो पट्टा हाक मारायचा. तूच न्हवं?”

तुषारनं माझ्याकडे पाहिलं. त्याला काय सांगायचं होतं ते मला माहीत होतं आणि त्यालाही. पण त्या चेहऱ्याकडे बघून ते कुणाच्याच्यानं झालं नसतं. त्या बांधाखाली, उन्हात आणि दवात, एकच गोष्ट त्या माणसाच्या सोबतीला होती, आणि ती खोटी होती असं त्याला सांगायचं होतं.

“व्हय आबा,” तो म्हणाला. ठाण्यात वीस वर्षं काढलेल्या माझ्या नवऱ्याच्या तोंडून ती बोली मी फार दिवसांनी ऐकली. “मीच मारत हुतो.”

आबांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मी ते पाहिलं, आणि मला वाटलं की बरं केलं, एवढं खोटं चालतं. त्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं झोप लागली. तुषारनं त्यांच्या हातावर हात ठेवला, त्या काळ्यानिळ्या जागेला न लागेल असा.

“मला वाटलंच,” आबा डोळे मिटूनच म्हणाले. “म्हनून तर येकीला बी चुकलो न्हाय. परत्येक हाकंला ओ दिली.”

“व्हय आबा.”

“आली न्हवं तुझ्यापोत्तर?”

“आली आबा. समद्या आल्या.”

आबांनी डोळे उघडले आणि लेकाकडे पाहिलं. रागानं नाही, एखादी गोष्ट खरोखरच समजलेली नसते तेव्हा माणूस बघतो तसं.

“मग हाक मारायचा का थांबलास?”